व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत तपासायचा कसा? (उदाहरण: 'धीर')

वल्कल

व्यक्तिमत्त्वाबद्दल नवी मांडणी केली तर ती शास्त्रीय कसोटीला कशी लावायची, यावर नेमकी चर्चा हवी आहे. ती हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण ठेवतो.

मांडणी अशी: निकाल काय लागेल आणि कधी लागेल हे ठाऊक नसतानाही उतावीळ न होता टिकून राहण्याची प्रवृत्ती म्हणजे 'धीर', आणि तो स्वतंत्र गुणविशेष आहे. कर्तव्यदक्षतेहून वेगळा, भावनिक स्थैर्याहूनही वेगळा. ६० विधानांची प्रश्नावली तयार आहे. १२० जणांकडून ती भरून घ्यायची, अल्फा (विधानं आपसांत किती जुळतात त्याचा आकडा) काढायचा, घटक विश्लेषण (एकत्र चढउतार करणाऱ्या विधानांचे गट शोधणं) करायचं आणि आलेले गुण जीवनसमाधानाच्या प्रश्नावलीशी ताडून पाहायचे, असा आराखडा आहे. यात काय कमी आहे?

अचूक

सिद्धांतच कमी आहे. सध्या हातात एक व्याख्या आणि एक प्रश्नावली आहे.

"धीर असलेली माणसं समाधानी असतात" हे विधान जवळपास कुठल्याही चांगल्या वाटणाऱ्या गुणाबद्दल खरं निघेल. दोन्ही प्रश्नावल्या एकच माणूस एकाच बैठकीत भरतो. स्वतःला बरं दाखवायची ओढ, त्या क्षणाची मनःस्थिती, "सहमत"वर खूण करत जायची सवय हे सगळं दोन्हीकडे सारखंच उतरतं. त्यामुळे ०.३० सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) आला तरी सिद्धांताच्या पदरात फारसं काही पडत नाही.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपरची मानसशास्त्रज्ञ अॅडलरबद्दलची तक्रार इथे लागू आहे. मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलणारा माणूस आणि बुडत्या मुलासाठी जीव देणारा माणूस, दोघांचंही स्पष्टीकरण न्यूनगंडातून देता येतं. असा सिद्धांत कशालाच मनाई करत नाही. म्हणून माहिती गोळा करण्यापूर्वी, काय घडता कामा नये हे लिहून ठेवा. तुमच्या मांडणीतून मला अशा तीन गोष्टी निघताना दिसतात.

पहिली: निकालाची तारीख माहीत असलेली वाट पाहणं आणि माहीत नसलेली वाट पाहणं, या दोन परिस्थितींत धीराचा परिणाम सारखा निघता कामा नये. तारीख माहीत नसताना तो ठळक हवा, माहीत असताना नगण्य. दुसरी: कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य हिशेबात घेतल्यावर धीराची भाकीतशक्ती शून्यावर येता कामा नये. तिसरी: त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्यांनी दिलेले गुण आणि त्याने स्वतःला दिलेले गुण एकमेकांशी असंबद्ध असता कामा नयेत.

यातली पहिली सर्वांत मोलाची आहे, कारण ती फक्त तुमचाच सिद्धांत सांगतो. बाकी दोन कुठल्याही गुणविशेषाला लागू होतील.

मृगजळ

पण पाच घटकांचं प्रारूप (बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य, सौहार्द आणि अनुभवांबाबत खुलेपणा) तर असा सिद्धांत आधी लिहून निघालं नाही ना? ते शब्दकोशातून आलं असं वाचलं आहे.

शर्वरी

बरोबर वाचलंत, आणि ते प्रारूप कशाचं उत्तर देतं व कशाचं देत नाही हे त्याच्या जन्मातूनच कळतं.

मूळ कल्पना अशी की माणसामाणसांतला जो फरक व्यवहारात महत्त्वाचा असतो, त्यासाठी भाषेत शब्द तयार झालेले असतात. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशातून १७,९५३ शब्द वेचले. त्यांपैकी साधारण साडेचार हजार शब्द स्थिर गुणविशेषांचे होते. कॅटेलने समानार्थी शब्द एकत्र करत ही यादी १७१ वर आणि पुढे ३५ गटांवर आणली, आणि घटक विश्लेषणातून शेवटी त्याचे १६ घटक झाले. तीच सामग्री घेऊन ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना १९६१ मध्ये पाचच घटक पुन्हापुन्हा मिळाले. आयसेंकला तीन पुरेसे वाटत. अॅश्टन आणि ली यांनी अनेक भाषांतले शब्द-अभ्यास एकत्र पाहून सहा मांडले, त्यात प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा.

एकाच जातीच्या माहितीतून १६, ५ आणि ६ कसे निघतात? घटक विश्लेषणात जे शब्द घालाल त्यांच्याच सहसंबंधांचा सारांश बाहेर येतो. किती घटक ठेवायचे, ते एकमेकांशी जोडलेले मानायचे की सुटे, हे निर्णय करणाऱ्याचे असतात. पाच घटक म्हणजे लोकसंख्येतल्या फरकांचं उत्तम वर्णन. ते फरक कशामुळे पडतात, हे वर्णनातून कळत नाही. वर्णनालाच कारण समजणं ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी गफलत आहे. "तो अबोल का? कारण अंतर्मुख आहे. अंतर्मुख कशावरून? अबोल आहे म्हणून."

वर्णनाचीही परीक्षा होते. बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजात ६३२ प्रौढांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे पाच घटकांची रचना नीट उभी राहिली नाही. जोडीदाराकडून माहिती घेतली तरी चित्र बदललं नाही. ठळकपणे दिसले ते दोनच: लोकांशी मिळून वागणं आणि उद्यमशीलता. पाच घटक सर्व मानवजातीत सारखेच, हा दावा अशा ठिकाणी तपासला जातो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तीच प्रश्नावली आणखी एकदा भरून घेऊन तो तपासला जात नाही.

कणाद

आता प्रत्यक्ष कामाकडे. आराखड्यातले आकडे आधी बदला.

६० विधानं आणि १२० माणसं. यात खऱ्या उत्तरांऐवजी निव्वळ यादृच्छिक आकडे भरले, तरी '१ पेक्षा मोठी आयगेन किंमत' (एक घटक किती फरक टिपतो त्याचा आकडा) या नियमाने वीसच्या वर घटक मिळतात आणि पहिली आयगेन किंमत अडीचच्या पुढे जाते. म्हणजे काहीच नसताना रचना दिसते. हा नियम अनेक सॉफ्टवेअरमध्ये आपोआप लागू होतो, म्हणून जास्त घातक. त्याऐवजी हॉर्नची समांतर विश्लेषणाची पद्धत (१९६५) वापरा: तेवढीच विधानं आणि तेवढीच माणसं घेऊन यादृच्छिक माहितीचे काही शे संच तयार करायचे, आणि खऱ्या माहितीची आयगेन किंमत त्या संचांच्या ९५व्या शतमानापेक्षा (१०० पैकी ९५ संच ज्याच्या खाली राहतात त्या आकड्यापेक्षा) मोठी असेल तोवरच घटक मोजायचे.

सहसंबंधाचंही तेच. १२० माणसांत ०.३० आला तर त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा आकडा बहुधा जिथे असेल तो पट्टा) साधारण ०.१३ ते ०.४५. एवढ्या पट्ट्यात "नगण्य" आणि "भरीव" दोन्ही बसतात. ०.२० चा सहसंबंध ८० टक्के शक्तीने (तो खरोखर असेल तर १०० पैकी ८० वेळा) पकडायला सुमारे १९४ माणसं लागतात, ०.१० साठी सुमारे ७८३. या क्षेत्रात सहसंबंध स्थिरावायला साधारण २५० लागतात असा हिशेब बराच मानला जातो. रचना शोधायला एक नमुना आणि तिची खातरजमा करायला दुसरा, ताजा नमुना घ्या. प्रत्येकी ४०० धरा.

विधानांबद्दल:

"मी शांत आणि चिकाटीचा आहे" हे विधान बाद. दोन गोष्टी एकत्र आहेत. शांत पण चिकाटी नसलेल्याने काय उत्तर द्यायचं?

"वाट पाहताना मी आनंदात असतो" हेही बाद, जरी ते ऐकायला चांगलं वाटलं तरी. पुढे याचा संबंध समाधानाशी जोडायचा आहे. समाधान इथेच प्रश्नावलीत शिरलं तर सहसंबंध आपणच पेरलेला असतो. प्रसिद्ध झालेल्या कित्येक प्रश्नावल्यांत हा दोष सापडतो.

"अर्जाचं उत्तर आलं नाही की मी पुन्हापुन्हा चौकशी करतो" हे चालेल. वागणूक ठोस आहे आणि उलट्या दिशेचं आहे. निम्मी विधानं उलटी ठेवा, म्हणजे सगळ्यालाच "हो" म्हणणाऱ्यांचा परिणाम कटतो. मात्र उलटं करायचं म्हणजे वाक्यात "नाही" घालायचं नव्हे. नकार नजरेतून सुटतो आणि विश्लेषणात उलट्या विधानांचा एक खोटाच घटक तयार होतो.

मोठ्या नमुन्याआधी दोन स्वस्त पायऱ्या आहेत, बहुतेक जण त्या गाळतात. विषय जाणणाऱ्या पाच-सहा जणांना धीर, कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य अशा तीन व्याख्या द्या आणि सगळी विधानं मिसळून त्यांच्याकडून वर्गवारी करून घ्या. जे विधान बहुसंख्यांनी धीरात टाकलं नाही ते काढा. मग आठ-दहा सामान्य उत्तरदात्यांना मोठ्याने विचार करत उत्तरं द्यायला सांगा. कुठलं विधान वेगळ्याच अर्थाने वाचलं जातंय हे तिथे लगेच कळतं, कुठल्याही सांख्यिकीतून कळत नाही.

निष्काळजी उत्तरं गाळायचे नियम आधीच ठरवा: मध्ये दोन विधानं "इथे 'असहमत' निवडा" अशी, विधानामागे सरासरी २ सेकंदांहून कमी वेळ घेणारे बाद, सलग लांबलचक एकच उत्तर देणारे बाद. निकाल पाहून नंतर ठरवलेले नियम हवे त्या दिशेला झुकतात.

मृगजळ

कणाद, अल्फा ०.९० च्या वर आला तर प्रश्नावली भक्कम म्हणायची ना?

कणाद

नाही. अल्फा विधानांच्या संख्येवर चढतो. ४० विधानं घ्या, त्यांचे आपसांतले सहसंबंध सरासरी अवघे ०.१० असू द्या, तरी अल्फा ०.८२ येतो. इतक्या सैल विधानांत एकच गुण मोजला जातोय असं म्हणता येणार नाही. दुसरं टोकही वाईट: एकच वाक्य दहा प्रकारे फिरवून लिहिलं तर अल्फा ०.९५ होईल आणि धीराचा एवढासा कोपरा मोजला जाईल. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.१५ ते ०.५० मध्ये आहे का ते पाहा, अल्फासोबत ओमेगा (अल्फासारखंच दुसरं माप) द्या, आणि दोन-चार आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेऊन स्थैर्य तपासा.

विश्वसनीयता (मापन किती भरवशाचं, ० ते १) ०.८० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १० असेल तर एका माणसाच्या गुणांतली प्रमाण त्रुटी साधारण ४.५ निघते. ५२ आणि ५६ गुणांच्या दोन माणसांत फरक आहे असं त्यावर म्हणता येत नाही. संशोधनाला पुरणारी प्रश्नावली व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायला पुरत नाही, ती यामुळे.

शर्वरी

वल्कल, तुमच्या मांडणीची खरी कसोटी 'वेगळेपणा'वर लागेल. एकच गोष्ट दोन नावांनी मोजणं या चुकीकडे केलीने १९२७ मध्येच बोट दाखवलं होतं, आणि ती आजही तितकीच घडते.

ताजं उदाहरण ग्रिटचं (दूरच्या ध्येयासाठी टिकवलेली चिकाटी आणि आवड). डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ही संकल्पना मांडली, तिला अफाट प्रसिद्धी मिळाली. २०१७ मध्ये ८८ नमुने आणि ६६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा मापनातली त्रुटी दुरुस्त केल्यावर ग्रिट आणि कर्तव्यदक्षता यांचा सहसंबंध ०.८४ निघाला. चिकाटीचा भाग यशाशी थोडा जोडलेला होता, पण नवा गुण सापडला म्हणण्याइतकी जागा उरली नाही.

ही दुरुस्ती स्वतः करून पाहा. धीर आणि कर्तव्यदक्षता यांचा दिसणारा सहसंबंध ०.७०, विश्वसनीयता अनुक्रमे ०.८० आणि ०.८५. गुणाकाराचं वर्गमूळ ०.८२, म्हणून दुरुस्त सहसंबंध ०.८५. कागदावर ०.७० पाहून "बराच फरक आहे" असं वाटतं, प्रत्यक्षात उरलेला फरक बराचसा मापनातल्या गोंगाटाचा असतो.

यासाठी कॅम्पबेल आणि फिस्क यांची १९५९ ची तक्त्याची पद्धत अजूनही सर्वांत स्वच्छ आहे. किमान दोन गुण, किमान दोन पद्धती. समजा धीर आणि कर्तव्यदक्षता, दोन्ही स्वतःच्या प्रश्नावलीतून आणि जोडीदाराने दिलेल्या गुणांतून. स्वतःचा धीर आणि जोडीदाराने सांगितलेला धीर यांचा सहसंबंध मोठा हवा. तो स्वतःचा धीर आणि स्वतःची कर्तव्यदक्षता यांच्या सहसंबंधापेक्षा लहान निघाला, तर तुम्ही गुणापेक्षा पद्धतच जास्त मोजता आहात. जवळच्या माणसांशी ०.४ ते ०.६ जुळणी मिळते, त्यापेक्षा बरीच कमी आली तर विधानं खूप अंतर्मनातली आहेत का ते पाहा.

वल्कल

शर्वरीताई, कणाद, अचूक, तिघांचेही आभार. जोडीदाराची प्रश्नावली घालतो. एक शंका: प्रत्यक्ष वागणुकीची एखादी चाचणी ठेवली, म्हणजे संगणकावर मुद्दाम लांबवलेली वाट, आणि तिचा प्रश्नावलीशी ०.१५ च सहसंबंध आला, तर सिद्धांत पडला म्हणायचा का?

अचूक

एका प्रसंगावरून, नाही. हा वाद १९६८ मध्ये मिशेलने पेटवला: गुणविशेष आणि प्रत्यक्ष वागणूक यांचा सहसंबंध फार तर ०.३० पर्यंत जातो, मग गुणविशेष कशाला मानायचे? त्यावर एपस्टाइनने १९७९ मध्ये दाखवलं की एकेक प्रसंग हे गुणविशेषाचं फार कच्चं माप आहे, अनेक दिवसांची सरासरी घेतली की सहसंबंध चढतो.

हिशेब सोपा आहे. एका दिवसाच्या वागणुकीची विश्वसनीयता ०.२० धरली, तर १४ दिवसांच्या सरासरीची ०.७८ होते. म्हणून एकाच संगणकी चाचणीऐवजी दोन आठवडे, दिवसातून पाच वेळा फोनवर चार-पाच छोटे प्रश्न पाठवा: सध्या कशाची वाट पाहताय, कधी संपेल ते माहीत आहे का, मागच्या तासात किती वेळा चौकशी केली. फ्लीसनच्या २००१ च्या कामातून कळतं की एकच माणूस दिवसभरात बहिर्मुखतेच्या जवळपास सगळ्या पायऱ्यांवर फिरतो, पण त्याची सरासरी आठवड्यागणिक फार हलत नाही. मिशेल आणि त्याचे विरोधक दोघांचंही निरीक्षण त्यात सामावतं.

याच माहितीतून माझी पहिली कसोटी तपासता येते: तारीख माहीत असलेले क्षण आणि नसलेले क्षण, त्याच माणसात.

मृगजळ

म्हणजे एका माणसाचा सखोल अभ्यास करणारी जुनी पद्धत निरुपयोगीच का?

शर्वरी

गृहीतक सुचण्यासाठी ती फार उपयोगी आहे. परीक्षेसाठी एकटी पुरत नाही, कारण तोच विश्लेषक माहिती निवडतो, तोच अर्थ लावतो आणि तोच बरोबर ठरवतो. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. माणसामाणसांमधली रचना आणि एका माणसाच्या आतली रचना एक असेलच असं नाही. कॅटेलने एकाच माणसाची रोज नोंद घेऊन घटक विश्लेषण करण्याची पद्धत याचसाठी काढली. १०० दिवसांच्या नोंदी घेतल्या तर एखाद्याचे धीर आणि शांतपणा एकत्र चढउतार करतात, दुसऱ्याचे अजिबात नाही. लोकसंख्येतली पाच घटकांची रचना पाहून "माझ्या आत पाच घटक आहेत" असं म्हणणं पुराव्याच्या पलीकडचं आहे.

आणि "वर्णन मला तंतोतंत लागू पडलं" हा पुरावा कधीही धरू नये. फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना एकच सर्वसामान्य वर्णन प्रत्येकाचं खास म्हणून दिलं, त्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. माणसांना चार अक्षरी प्रकारांत बसवणाऱ्या चाचण्या त्यावरच तगून आहेत. गुणांचं वितरण मधोमध फुगलेलं असतं, आणि रेघ बरोबर तिथेच मारली की रेघेजवळचा माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारात जातो.

वल्कल

आणि कारणाचं काय? धीर कोणाला वाटून देता येत नाही, मग प्रयोग कसा करायचा?

अचूक

गुण वाटता येत नाही, परिस्थिती वाटता येते. तारीख सांगणं किंवा न सांगणं यादृच्छिक ठेवा. गुण आणि परिस्थिती यांची आंतरक्रिया (परिस्थितीनुसार गुणाचा परिणाम बदलणं) हेच तुमचं भाकीत आहे. फक्त आंतरक्रिया पकडायला साध्या सहसंबंधापेक्षा कितीतरी मोठा नमुना लागतो, म्हणून प्रत्येकाला दोन्ही परिस्थितींतून अनेकदा जाऊ द्या.

जुळ्यांच्या अभ्यासातून वेगळा प्रश्न सुटतो. एकबीज जुळ्यांत सहसंबंध ०.४८ आणि द्विबीज जुळ्यांत ०.२४ असेल, तर फरकाची दुप्पट म्हणजे ०.४८ ही ढोबळ आनुवंशिकता. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांसाठी ती बहुधा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. हा आकडा लोकसंख्येतल्या फरकाचा आहे, एका माणसाचा ४८ टक्के धीर जनुकांतून आला असा त्याचा अर्थ नाही. शिवाय दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना घरी सारखंच वातावरण मिळतं, हे गृहीत त्यामागे असतं.

आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, असंही नाही. २०१७ मध्ये २०७ उपचार-अभ्यास एकत्र पाहिले गेले. सरासरी २४ आठवड्यांत गुणविशेषांत साधारण ०.३७ प्रमाण विचलनाएवढा बदल दिसला, सर्वाधिक भावनिक स्थैर्यात.

कणाद

नोंदणीचा मुद्दा राहिला. गृहीतकं, नमुन्याचा आकार, गाळण्याचे नियम आणि विश्लेषणाच्या आज्ञावल्या माहिती गोळा करण्याआधी तारखेसह सार्वजनिक करा. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले तेव्हा (२०१५) मूळच्या ९७ टक्क्यांऐवजी ३६ टक्केच सार्थ (निव्वळ योगायोग वाटणार नाहीत असे) निघाले. व्यक्तिमत्त्व आणि आयुष्यातल्या घडामोडींचे ७८ संबंध मात्र २०१९ मध्ये मोठ्या नमुन्यांवर तपासले, त्यांतले ८७ टक्के टिकले, परिणाम मूळच्या साधारण ७७ टक्के ताकदीचे. फरकाचं एक मोठं कारण मला नमुन्याचा आकार वाटतं.

शोधलेल्या घटकांची खातरजमा करताना एक अडचण येईल. तुमचं प्रारूप नेहमीच्या निकषांवर (प्रारूप माहितीशी किती जुळतं हे सांगणारे आकडे: सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली) बहुधा नापास होईल, कारण खऱ्या विधानांचा भार (विधान घटकाशी किती जोडलेलं आहे ते) थोडाथोडा दुसऱ्या घटकांवरही पडतो आणि हे प्रारूप तो शून्य धरतं. तेव्हा आकडे बसेपर्यंत विधानं काढत सुटू नका. छोटे आडवे भार मान्य करणारं शोधक संरचना-प्रारूप शेजारी चालवा आणि दोन्ही निकाल द्या. स्त्री-पुरुष किंवा दोन भाषागट यांच्या सरासरींची तुलना करणार असाल, तर आधी रचना, मग भार, मग आरंभबिंदू (गुण सारखा असताना विधानाला मिळणारं सरासरी उत्तर) समान आहेत का ते टप्प्याटप्प्याने तपासा. एखाद्या टप्प्यावर सीएफआय ०.०१ हून जास्त घसरला तर सरासरींची तुलना तिथेच थांबवा.

वल्कल

सुधारित आराखडा: ९० विधानांपासून सुरुवात, वर्गवारी आणि मोठ्याने-विचार करून निम्मी गाळणं, ४००-४०० चे दोन नमुने, २०० जोडीदार, १५० जणांच्या १४ दिवसांच्या नोंदी, जीवनसमाधान दुय्यम. शेवटची शंका: तारखेचा परिणामच आला नाही, तर सिद्धांत चुकला की चाचणी कच्ची होती, हे कसं ठरवायचं?

अचूक

तेही आजच लिहून ठेवा. प्रत्येक वेळी "ही वाट कधी संपेल याचा अंदाज किती आहे?" हा प्रश्न १ ते ७ वर विचारा. दोन परिस्थितींत या उत्तरांचा फरक किमान दीड गुण नसेल तर चाचणी कच्ची, निकाल कुठल्याच बाजूने धरायचा नाही. फरक तेवढा असेल, नोंदींची विश्वसनीयता ०.७० च्या वर असेल, आणि तरीही आंतरक्रियेचा विश्वास-अंतराल तुम्ही आधी ठरवलेल्या सर्वांत लहान अर्थपूर्ण परिणामाच्या खालीच संपत असेल, तर अनिश्चिततेचा भाग मांडणीतून काढायचा. मग उरतो तो धीर कर्तव्यदक्षतेच्या आत बसतो का, हे शर्वरींच्या तक्त्यावर पाहायचं.